झालं म्हणता आलं नाही

कुणाच्या अंगात आलं की मी तिथून उठून घरी जाते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणून ही गोष्ट दोन वर्षं कुणाजवळ काढली नाही. बोलायची मला आधीच भीड... लिहून बघते.

मी मुदखेडची. नांदेडच्या विमानतळावर विमानं आतून साफ करते. माणसं उतरली की आम्ही दोघी वर चढतो. कचरा गोळा करायचा, सीटा पुसायच्या, पट्टे फुलीसारखे ठेवायचे. मग मी दारातल्या एअर होस्टेसला म्हणायचं, "झालं." ती कॅप्टनला सांगते, कॅप्टन गेटला कळवतात आणि गेटवरचे रशीदभाई माणसं सोडतात. माणसं सोडली की ते स्वतः विमानाच्या शिडीच्या पायाशी उभे राहून पास बघतात. कामावर मी तेवढा एकच शब्द बोलते.

एप्रिलची दुपार होती, तीन वाजलेले. आभाळ कोरं, पान हलत नव्हतं. काम संपलं, जोडीदारीण पिशव्या घेऊन खाली गेली. मी दारात आले, तोंड उघडलं — आणि शब्दच आला नाही. घसा दुखत नव्हता, चक्कर नव्हती. जीभ माझी नसल्यासारखी पडून राहिली.

"मौसी, हो गया ना?" दारातल्या एअर होस्टेस मुलीनं विचारलं.

मी हो म्हणून मान हलवायला गेले, तर मान आडवी हलली. मी हलवली नव्हती.

तिच्या हातातल्या वॉकीटॉकीवर रशीदभाई ओरडले, "मावशी, झाडू मारून राहिल्या का ताजमहाल बांधून राहिल्या? इथं माणसं माझा जीव खायलीत!"

मुलीनं आत फिरून बघितलं. सगळं साफ. तिनं कॅप्टनना बोलावलं. कॅप्टन बाई होत्या, लातूरकडच्या.

"काय झालं मावशी? काही सापडलं का?"

मान आडवी.

"बरं वाटत न्हाई?"

पुन्हा आडवी.

"मग सोडू का माणसं?"

मान इतक्या जोरात हलली की डोळ्यांतून पाणी आलं. माझ्यामुळे विमान लेट झालं तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरी बसवणार, हे मला ठाऊक होतं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर माझ्या एकटीवर. मनातल्या मनात मी ओरडत होते, झालं, झालं...

कॅप्टननी वॉकीटॉकी घेतला. "रशीदभाई, थांबा."

"मॅडम, सगळं साफ हाय म्हणायलीय ना ती पोरगी!"

"पोरगीनं बघितलं. पण झालं म्हणायचं काम मावशीचं हाय. त्या म्हणत न्हाईत तवर एक माणूस सोडायचा न्हाई. विमान माझं हाय."

त्यांनी मला पहिल्या सीटवर बसवलं, पाण्याची बाटली दिली. "घाई न्हाई. सावकाश सांगा." पण मला सांगायला काही नव्हतंच. त्याचीच जास्त लाज वाटली.

सात-आठ मिनिटं गेली असतील. मोकळ्या रानाकडून धुळीचा एक खांब उठला आणि सरळ आमच्याकडे आला. मी बघायला दारात गेले, तोच विमान हललं. मुलीनं मला आत ओढलं. चाकांना अडण लावलेली ती शिडी करकरली, फिरली आणि आडवी कोसळली. खाली कुणी नव्हतं.

धूळ बसली. माझ्या तोंडून आपोआप, मोठ्यानं निघालं, "झालं."

कुणी हललं नाही.

दुसरी शिडी आली. कॅप्टननी कागदावर लिहिलं, केबिन तयार नव्हती, थांबवायचा निर्णय माझा. माझं नाव कुठंच घातलं नाही. मी उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला कळलं होतं का?"

"न्हाई मॅडम. मला वाटलं, काम गेलं आता."

त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. "मग मी थांबले ते कुणाच्या सांगण्यावरून?"

खाली रशीदभाई पडलेल्या शिडीजवळ उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी माझी थट्टा केली नाही. मला ते बरं वाटत नाही.

वावटळी आमच्याकडे उन्हाळ्यात उठतात, त्याचं मला नवल नाही. घसा डॉक्टरला दाखवला, काही निघालं नाही. त्यानंतर शब्द कधी अडकलेला नाही. पण आता सगळे माझ्या तोंडाकडे बघतात आणि माझ्या भरवशावर लेकरंबाळं घेऊन माणसं चढतात. त्या दिवशी मला कुणी अडवलं, हे मला माहीत नाही. आणि पुढच्या वेळी अडवायला ते आलंच नाही, तर मी नेहमीसारखं झालं म्हणून मोकळी होईन.