डोंगराची पाळणूक

कोडोलीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, तेव्हा हंबीररावांनी डोंगराचं पाणी अडवायचं मंडळ काढलं. ओढ्याला दगडमातीचा बांध घातला, डोंगरावर कुऱ्हाडबंदी केली. बांध झाला. बंदी कुणी पाळली नाही. अध्यक्ष म्हणून हंबीररावांनी चावडीत बसून सांगायचं आणि त्यांच्याच चुलत्याच्या दारात ओल्या लाकडाची मोळी पडायची.

ती बंदी गावाच्या गळी उतरवली आकारामनं. हा गावाचा वार सांगणारा माणूस. आषाढातले मंगळवार आमच्यात पाळणुकीचे. त्या दिवशी रानात लोखंड लावायचं नाही, लावलं तर देवी कोपते. सोमवारी दिवस मावळताना आकाराम गल्लीगल्लीनं ओरडत फिरायचा. हाडापेरानं दांडगा, तोंडानं फटकळ. हंबीररावांनी त्याला गाठलं, आणि एका सोमवारी त्यानं आरोळीला शेपूट जोडलं, "डोंगराला आजपासनं बारमाही पाळणूक हाय." झालं. कुऱ्हाडी माळ्यावर गेल्या. बघता बघता डोंगर झाकला, विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहायला लागलं.

पुढं एका आषाढात पाऊस आठवडाभर हटला नाही. मंगळवारी सकाळी बयाबाई डोक्यावर पोतं घेऊन आकारामच्या दारात आली. ही त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. बांधाखाली तिचं शेत आणि शेतातच खोपट.

"भावजी, सांडवा तुंबलाय. पाणी बांधावर चढाय लागलंय."

"आज वार हाय."

"म्हाईत हाय की. काल तुम्हीच बोंबलत गेलासा."

आकाराम चार गडी घेऊन गेला. जादाचं पाणी जायचं ते सांडव्याचं तोंड एका वाहून आलेल्या झाडानं बंद केलं होतं. हातानं फांद्या मोडल्या, दगड काढले, बुंधा हलेना. हंबीरराव घरची पहार घेऊन आले.

"घाल ही बुडात. सुटतंय बघ."

"ठेवा ती खांद्यावरच."

"आरं, देवी काय डोळं लावून बसलीया व्हय?"

"देवीचं म्हाईत न्हाय. गाव बसलंय." काठावर पोती पांघरून माणसं उभी होती, तिकडं त्यानं मान केली. "आज मी लोखंड लावलं तर उद्या ही समदी कुऱ्हाडी घिऊन डोंगरात. मग कुणाच्या नावानं थांबवशीला? तुमच्या?"

हंबीररावांनी पहार मागं घेतली.

"डोंगर ऱ्हाऊ दे हिरवागार," बयाबाई म्हणाली. "माझं काय?"

"म्हस सोड आन वर ये. रान गेलं तर माझ्यातलं तुला दीन."

ती म्हैस सोडायला खाली उतरली आणि बांध फुटला. खोपट होतं तिथं नुसतं तांबडं पाणी. म्हैस पोहत काठाला लागली. बयाबाई दुसऱ्या दिवशी खालच्या बाभळीत अडकलेली मिळाली. शेताची माती सगळी गेली, खालचा मुरूम उघडा पडला.

तिचे दिवस घातल्यावर जो मंगळवार आला, तोही पाळणुकीचाच. आकाराम भर दुपारी खांद्यावर कुऱ्हाड आणि पहार घेऊन गावातून गेला आणि तो बुंधा फोडत बसला. पाणी तर केव्हाच मोकळं झालं होतं.

"आता कशाला मोडतोस वार?" हंबीरराव म्हणाले.

"तवाच मोडाय पायजे हुता."

त्याला कुणी अडवलं नाही. सगळ्यांनी बघितलं मात्र. दसऱ्याच्या आधीच डोंगरावर कुऱ्हाडी वाजायला लागल्या.

मंडळानं बांध परत घातला. डोंगर उघडा पडलेला, त्यामुळं ऐंशीच्या सुमाराला बांध गाळानं काठोकाठ भरला. विहिरी पुन्हा तळाला गेल्या. दर उन्हाळ्यात हंबीरराव आकारामच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे.

"एकदा ओरड की. तुझं ऐकत्यात लोकं."

"ऐकत्यात," आकाराम म्हणायचा. "त्येच तर वंगाळ हाय."

बयाबाईच्या रानातला मुरूम गावानं घरांच्या भरावाला नेला. आकारामच्या थोरल्यानंही नव्या खोलीसाठी एक गाडी भरून आणली. म्हाताऱ्यानं ती दारातनं तशीच परत फिरवली.