बोरगावचं पाणी

घरून निघताना आईनं हातावर दही घातलं आणि म्हणाली, "मूर्तिजापूर ते अकोला आगगाडी जाते ना? मग पायांनी कशाला?" वडील ओसरीवर पोथी बांधत बसले होते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. वडिलांच्या मते ब्राह्मणानं धावायचं ते पंगत उठत आली असेल तरच. त्यांनी मान वर केली नाही, पण मी पायांना हात लावला तेव्हा पाठीवर हात मात्र ठेवला.

मी अमरावतीला राजापेठेतल्या शाळेत मास्तर. नागपूरला दोन महिन्यांनी सव्वीस मैलांची मॅरॅथॉन व्हायची होती. तिथं धावायचं, हे एकच वेड मला वर्षभर होतं. त्याआधीची तालीम म्हणून मूर्तिजापूर ते अकोला ही शर्यत होती. अकोल्यात पहिल्या तिघांत आलो, तरच नागपूर. नाहीतर पुन्हा खडू-फळा.

बडनेऱ्याला गाडी बदलून तिसऱ्या प्रहरी मूर्तिजापूरला उतरलो. सोबत आमच्या आखाड्याचे वस्ताद होते. धर्मशाळेत शेजारच्या चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती आणि ठेचा असा कुटला जात होता की डोळ्यांना पाणी यावं. वस्तादांनी मला त्या दिशेला पाहूही दिलं नाही. भिजवलेले हरभरे आणि दूध पुढे केलं.

"अन् आयक मास्तर," ते म्हणाले, "रस्त्यात कोनी पानी देईन, तं घ्याचं नाई. पोटात पानी गेलं का पाय जड झाले समज. अकोला दिसेपर्यंत थेंब नाई."

मी शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

उजाडताना विसेक जण धावायला लागलो. पौषातली थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीला आलेली पऱ्हाटी (कपाशी) पांढरी फटक फुटली होती, आणि गाठोडी लादलेल्या बंड्या (बैलगाड्या) जिनाच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) वाटेला लागल्या होत्या. वाटेवरच्या गावांत आधी दवंडी देऊ, असं शर्यत भरवणाऱ्यांनी सांगितलं होतं. ती कुणी दिली नव्हती. पहिल्याच गावात एक म्हातारा ओरडला, "काहून पयते बे हा? (का पळतो रे हा?) कोंबडी चोरली का कोनाची?" मला हसू आलं आणि दम तुटला.

दहाव्या मैलाला नव्या कॅनव्हासच्या बुटांनी टाचा सोलल्या. बूट काढून हातात घेतले, पंचा डोक्याला गुंडाळला आणि अनवाणी निघालो. त्यानं बरं वाटलं. एकेक गडी मागे पडत गेला. बोरगावच्या शिवेला आलो तेव्हा पुढे दोघं होते, आणि चौथा माझ्या मागे हाकेच्या अंतरावर. त्याच्या पायांचा आवाज मला ऐकू येत होता.

गावाबाहेर रस्त्याला लागून एक फुलमळा होता. शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे झोपडी, आणि दाराशी एक माळीण. मला पाहताच ती रस्त्यावर आली. हातात पाण्याचा तांब्या होता.

"कुठून आला रे बापू? मुर्तिजापूरहून?"

मी मान हलवली.

"पानी घे."

मला तहान किती लागली होती ते काय सांगू! जीभ टाळूला चिकटली होती. पण वस्ताद आठवले. मी हात आडवा हलवून नको म्हटलं आणि तसाच पुढे गेलो.

पन्नास पावलं गेलो असेन, तेवढ्यात मागे हंबरडा फुटला. "अवं माय वं! माही पोरगी गेली वं, माही शेवंती!"

मी भिक्षुकाचा मुलगा. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. आमच्या मुलखात मरणाचा सांगावा (निरोप) घेऊन येणारा माणूस असाच येतो. वहाणा हातात, पायांत धावपळ. तो उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि त्या घरचं पाणी घेत नाही. त्यानं पाणी नाकारलं, की पुढचं बोलावं लागत नाही.

मागे फिरायला हवं होतं. "मावशी, काही झालं नाही, शर्यत आहे," एवढं सांगायला किती वेळ लागतो? मी मान वळवली. ती रस्त्यात बसून कपाळ बडवत होती, आणि तिच्या बाजूनं तो चौथा गडी येत होता. मी मान पुढे केली आणि पाय उचलले. मला तिसरा नंबर हवा होता. तो मी घेतला.

अकोल्यात हार घातला, पुरी-बासुंदीचं ताट पुढे आलं. वस्तादांनी मिठी मारली आणि त्याच रात्रीच्या गाडीनं खूश होऊन अमरावतीला गेले. टाचा जमिनीला टेकवता येईपर्यंत मी एका ओळखीच्या घरी राहिलो. लोक नागपूरचं विचारत होते, आणि माझ्या कानात तो हंबरडा होता. मला माझी लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो आणि बोरगावला उतरलो. तिची समजूत घालायची, हवं तर शिव्या खायच्या, आणि दुपारच्या गाडीनं पुढे जायचं. स्टेशनपासून मळा मैलभर. ती दाराशी बसली होती. शेवंतीची फुलं कुणी तोडली नव्हती.

"तूच नं तो?" ती म्हणाली. "सांगावा आनला होता तो?"

मी खरं सांगायच्या आत ती बोलायला लागली.

"पोरगी मुर्तिजापूरले देली होती. तापानं पडली इतकंच ठाव. सासरच्याइनं मंग काही कयवलंच नाई. तू पानी नाई घेतलं, तवाच मी समजली. गाडी जुतली (जुंपली) अन् निंगाली. दिवेलागनीले पोचली, तं पोरगी जित्ती! मले पाह्यलं अन् हासली. म्हने, माय, तुले कोनं सांगतलं? रातभर माह्या मांडीवर डोकसं होतं. झुंजूमुंजू झालं अन् गेली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कोनं धाडलं होतं रे तुले?"

खोटं बोलणं सोपं होतं. देवानं धाडलं म्हटलं असतं, तरी तिनं मानलं असतं.

"मावशी, मला कुणी धाडलं नव्हतं. मी शर्यतीत धावत होतो. तुमची शेवंती मला ठाऊकही नव्हती. तुम्ही रडायला लागलात ते ऐकलं, तरी थांबलो नाही."

"शर्यत म्हंजे?"

"सगळ्यांनी धावायचं. कोण आधी पोचतो ते पाहायचं."

"आधी पोचून काय करतेत?"

ती बराच वेळ माझ्या पायांच्या पट्ट्यांकडे बघत होती.

"थांबला असता," ती सावकाश म्हणाली, "तं मी गेलीच नसती."

ती माफी होती की आणखी काही, मला आजही कळलेलं नाही. मला रडू आलं. ती उठून आत गेली आणि तोच तांब्या घेऊन आली. सुतकातल्या घरचं पाणी आमच्याकडे चालत नाही. मी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी प्यालो.

निघालो तेव्हा दूरवर गाडीची शिट्टी ऐकू आली. माझं पाऊल आपोआप उचललं.

"बापू," मागून तिचा आवाज आला, "पयत नको जाजो. लोकाइले भेव वाटते."

मी चालत गेलो. वाटेत एका घराच्या ओट्यावर कुणी म्हातारी तुरी पाखडत होती. तिनं मला पाहिलं, आणि पुन्हा सुपात मान घातली. स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी हलली होती. शेवटचा डबा माझ्या डोळ्यांदेखत फलाटाबाहेर गेला.

"थोडं पयाचं नं बाबूजी," हमाल हसून म्हणाला, "सापडली असती."

"हो," मी म्हणालो. "सापडली असती."

संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. नागपूरला पुढे मी धावलो. पण त्या शर्यतीतही गाव आलं की मी दुरूनच ओरडायचो, "काही नाही हो, शर्यत आहे!" आणि कुणी तांब्या पुढे केला, तर थांबून पाणी प्यायचो.