मोनिकाचं एकच वाक्य

लकव्याने माझ्या बायकोचा, मोनिकाचा, उजवा हात नेला आणि बोलणंही नेलं. हात हळूहळू परत यायला लागला, शब्द आले नाहीत. तिला सगळं कळायचं, ती तोंड उघडायची, पण "त... त..." याच्या पुढे काही निघायचं नाही. "धीर धरा," डॉक्टर म्हणाले. "आशा सोडू नका," फादर म्हणाले. दोघंही सांगून आपापल्या घरी गेले. मी तिच्यासमोर बसून राहायचो. माझी प्रार्थना कधी बंद पडली कळलंच नाही. देवाशी भांडण नव्हतं. वाट बघून बघून त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, इतकंच.

चारकोप गावठाणातल्या आमच्या लोकांनी घरी येऊन तिच्यासाठी लितानी म्हणायचं ठरवलं, तेव्हा मी नकोच म्हणणार होतो. शेजारच्या रोझीमावशी म्हणाल्या, "तू गप रे! तुझ्यासाठी नाय, मोनीसाठी येतोय." सगळे आले. पुढे प्रार्थना चालवणारा पास्कल, खांद्यावर शाल, हातात माइक, मागे चाकांवरचा स्पीकर.

"पास्कल, एवढ्याशा खोलीत माइक कशाला?"

"आवाज वरपर्यंत पोचला पाहिजे ना!"

"देव काय टेरेसवर राहतो?"

रोझीमावशींनी मला कोपर मारलं.

लितानीत एकाने मारियामातेचं एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी "आम्हासाठी विनंती कर" म्हणायचं. पूर्वी नावं मोनिकाच घ्यायची. लोकांचं उत्तर रेंगाळलं की तिला खपायचं नाही, डोळे वटारून ती स्वतःच ते देऊन टाकायची.

पास्कल "रोग्यांचे आरोग्य" म्हणाला आणि स्पीकर किंचाळला. सगळे तिकडे वळले. कोणी वायर ओढतंय, कोणी बटण दाबतंय. उत्तर द्यायचं राहूनच गेलं. शेवटी स्पीकर बंद पडला, आणि त्या शांततेत खाटेवरून आवाज आला. जाड, पण स्पष्ट.

"आम्हासाठी विनंती कर."

पास्कल खाटेकडे बघतच राहिला. मग रोझीमावशी रडत ओरडल्या, "अरे बघतोस काय? पुढचं नाव घे!" पास्कलने ते माइकशिवाय घेतलं. तिने उत्तर दिलं. अगदी शेवटपर्यंत दिलं.

डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं बोलणं मेंदूतून वेगळ्या वाटेने येतं, कधीकधी असं होतं. असेल. कुठल्या का वाटेने, आलं होतं.

पण पुढे बरेच दिवस ते एकच वाक्य. "चहा घेणार?" "आम्हासाठी विनंती कर." "पंखा बंद करू?" "आम्हासाठी विनंती कर." आम्ही दोघंही हसायचो. एका दुपारी मी उशी सारखी करत असताना तिने माझं मनगट धरलं आणि तेच म्हणाली. या वेळी हसली नाही. मला वाटलं, ही पाठ म्हणत नाहीये, मागतेय, आणि माझ्याकडे मागतेय. मी तिच्या शेजारी खाटेवर टेकलो. "प्रभू, आम्ही दोघं इथे आहोत," एवढंच म्हणालो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

तेव्हापासून रोज म्हणतो. तिला आता "पाणी" म्हणता येतं. माझं नाव अर्धं येतं. उरलेलं अर्धं कधी येणार हे मी प्रभूवर सोपवलंय. सोपवल्यावर वाट बघणं थांबेल असं वाटलं होतं. ते थांबलं नाही, पण आता वाट बघताना मी एकटा नसतो. अर्ध्या नावाने हाक येते, आणि मी पूर्ण ओ देतो. देवाचे आभार.