सर्वांत धाकट्याचे मत

एका बाईंवर झालेल्या अन्यायाला मी हात वर करून संमती दिली होती, आणि हे मी कित्येक वर्षे त्यांना कळू दिले नाही.

इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनला असलेल्या आमच्या मराठी मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग त्या चालवत. त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, तेव्हा मुलांवर काय संस्कार होणार, असे म्हणून समितीने त्यांच्याकडून वर्ग काढून घेतला. वडीलधारे ओळीने बोलत गेले. मी सर्वांत धाकटा. माझी पाळी येईपर्यंत विरोध करणे मला उद्धटपणाचे वाटू लागले होते.

आता दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मी एका जुन्या, शिडाच्या युद्धनौकेवर पर्यटकांना माहिती सांगतो. कप्तानाच्या दालनात लष्करी न्यायालय कसे बसत असे, हे समजावताना एक नियम दर वेळी माझ्याच तोंडून निघतो: सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याने मत आधी द्यायचे, म्हणजे वरिष्ठांचे दडपण त्याच्यावर येत नाही. फटके आणि फाशी फर्मावणारी ती कठोर माणसे. पण एवढे त्यांना उमगले होते.

यंदा वर्गाला शिक्षक मिळेना. बैठकीत मी त्या बाईंचेच नाव सुचवले. अध्यक्षांनी घसा खाकरला, तसे मी त्यांना थांबवले.

"आधी सर्वांत लहान बोलेल."

"अहो डॉक्टर, बोटीवरून उतरा आता! हे काय कोर्ट मार्शल आहे?" अध्यक्ष म्हणाले.

"मागच्या वेळी होतंच, काका. फक्त आरोपीला बोलावलं नव्हतं."

"वडीलधाऱ्यांचा काही मान?"

"मान आहेच. पण तुम्ही शेवटी बोलायचं. नाहीतर मी इथून उठत नाही."

"हॉल रिकामा करायचाय हो!" कुणीतरी ओरडले.

"मग लवकर सुरू करू."

सर्वांत लहान म्हणजे इथेच जन्मलेली एक तरुण वकील. ती म्हणाली, "माझी मॉम डिव्होर्स्ड आहे. त्यानी माझा मराठी खराब झाला का?"

"झालंय खरं!" मागून आवाज आला, आणि सगळे हसले.

"मग टीचर पाहिजेच ना? त्यांना परत बोलवा."

तिच्यामागून एकेकाने होकार दिला. अध्यक्ष शेवटी पुटपुटले, "आता मला कोण विचारतंय!"

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या दारी गेलो.

"समितीचा निरोप आणलात?" त्यांनी विचारले.

"तो नंतर सांगतो. त्या बैठकीत मीही तुमच्या विरोधात मत दिलं होतं. तुमची काही चूक नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला माफ करा."