लाल झेंड्याची रद्दी

खांदा कॉलनीच्या नाक्यावर हौसा कोळीण जवळा, सुके बोंबील विकायची. पुडी बांधण्याआधी रद्दीचं पान उलटसुलट बघायची. वाचता येत नव्हतं, पण लाल झेंड्यावर पाच चांदण्या दिसल्या की ते पान पोत्याखाली जायचं.

"मावशी, मासळी विकतेस का पेपर?" गिऱ्हाईक चिडवायचं.

"मासली तुजी, पेपर माजा. चल, फूट!"

नवरा, विनायक, लष्करात ट्रक चालवायचा. बासष्टच्या लढाईत गेला आणि कागद आला, बेपत्ता. लग्नाला तेव्हा वर्षही नव्हतं. हौसाने आपल्या अकलेनं हिशेब लावला. आपले खलाशी हद्द चुकून पाकिस्तानात धरले जातात, दोन सरकारांचं जमलं की सुटून येतात. तसाच हा पन चीनकडं असंल. चीनचं कुणाशी जमतंय, तेवढं बघायचं.

साठवलेली पानं निवृत्त इतिहास शिक्षिका अरुंधतीबाई वाचून दाखवायच्या. पाव किलो जवळा घ्यायला आल्या की तासभर बसायच्या.

"हे चिनी आधी रशियाचा हात धरून चालायचे. मग बिनसलं. एकोणसत्तरला सीमेवर गोळ्या झाडल्या एकमेकांवर."

"मंग?"

"मग रशियाच्या भीतीनं अमेरिकेशी दोस्ती. तीस वर्षं मान खाली घालून कारखाने काढले. आता अंगात ताकद आली, तर अमेरिकेलाच डोळे दाखवतात आणि पुन्हा रशियाच्या गळ्यात."

"मेल्यांची सोयरीक रोज नवी! आपला नंबर कदी?"

बाई चष्मा पुसत बसायच्या.

दोन हजार तेराचा मे. आधी लडाखात चिनी तंबू पडले, मग उठले, आणि पंधरवड्यानं त्यांचे पंतप्रधान दिल्लीत. हौसा पान नाचवत आली. "फोटूत दोगं हसतात बघा! आता तरी सोरतील ना आमच्या मानसाला? ऐतवारी प्रणितची हलद हाय. घरातली थोरली सवाशीण मी, पैला हात माजा."

प्रणित म्हणजे धाकट्या जावेचा, जनीचा मुलगा.

बाईंना या वेळी गप्प बसवेना. "हौसामावशी, त्यांनी कैदी त्रेसष्ट सालीच सोडले. जेवढे होते तेवढे. तेव्हा रशिया नि अमेरिका, दोघांशीही वाकडं होतं. आपण भले आहोत, हे जगाला दाखवायचं होतं त्यांना."

"त्रेसष्ट?"

"हो."

"तुमाला पयल्यापासून ठावं होतं?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. हौसानं पानाची घडी केली, त्यातच पाव किलो जवळा बांधला आणि बाईंच्या हातात दिला. पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोंबील बग, करकरीत हायेत."

रविवारी मांडवात जनीनं हळदीची वाटी पुढं केली. "वयनी, ये गो. पैला हात तुजा."

"तूच लाव."

"आता काय झालं तुला?"

"काय नाय. पन्नास वरसं झाली, तेवरंच."

 तेवढ्यात बाजा सुरू झाला, बायांनी गलका केला आणि जनीला पुढं ओढून नेलं. हौसा मांडवाच्या कडेला, विधवा बसल्या होत्या तिकडं गेली. त्यांनी सरकून जागा दिली.