मधल्या थरातली कार्डे

नोकरीतली बरीच प्रकरणे आता तारीख सांगूनही आठवत नाहीत. मोटार शर्यतीच्या कार्डांचे प्रकरण मात्र कोणी समोर मिरचीचे पोते उघडले तरी आठवते, आणि हसू येते.

तेव्हा मी नंदुरबारला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मिरचीचा हंगाम जोरात होता. वारा मिरची वाळवायच्या पथारींकडून आला की कोठडीतला आरोपी आणि पहाऱ्यावरचा शिपाई एकाच वेळी शिंकायचे. सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आले.

"साहेब, कार्डं चोरीला गेल्याची तक्रार आहे."

"जुगाराची भानगड?"

"नाही साहेब, पत्ते नव्हेत. गाड्यांची चित्रं असलेली कार्डं. परदेशी. मलाही नीट कळलेलं नाही."

तक्रारदार तिशीतला होता, मिरचीच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. सोबत त्याचे मामा. मुलगा रडवेला होता. मामा मात्र पूर्ण तयारीने आले होते. मुलाने सांगितले ते असे. त्याला लहानपणापासून मोटार शर्यतींचा नाद. एकेका चालकाचे, एकेका गाडीचे छापील कार्ड निघते; ती तो शाळेपासून जमवत होता. अशी कार्डे तज्ज्ञांकडे पाठवता येतात. ते कोपरे, कडा, पृष्ठभाग, छपाई मधोमध आहे की सरकलेली, हे तपासून दहापैकी गुण देतात आणि कार्ड पारदर्शक डबीत सीलबंद करून परत करतात. चांगले गुण मिळाले तर किंमत कितीतरी वाढते. त्याने पाठवण्यासाठी बारा कार्डे निवडून ठेवली होती. सकाळी डबा उघडला तर त्यातली आठ गायब.

"संशय कोणावर?" मी विचारले.

मामा पुढे सरकले. "कालच याचा तो गॅरेजवाला दोस्त घरी येऊन डबा उचकून गेला. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला पोरगा. दुसरं कोण असणार? नाव लिहा, साहेब."

"मामा, तो नाही हो," मुलगा म्हणाला.

"तू भोळा आहेस म्हणून तर मी सोबत आलोय."

त्या मेकॅनिकला मी ओळखत होतो. ओळख अशी की त्याचे कागद माझ्याच टेबलावर होते. एसटीत चालक म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल आमच्या ठाण्याकडून जायचा होता. आज त्याचे नाव संशयित म्हणून कागदावर आले असते, तर पुढे तो निर्दोष ठरला तरी चालकाची जागा दुसऱ्या कोणाला गेली असती. मी मामांना सांगितले, "अर्ज घेतो. संध्याकाळपर्यंत चौकशी करतो. चोरी दिसली तर गुन्हा आजच दाखल होईल. नाव पुरावा मिळाल्यावर."

मामांना हे आवडले नाही. निघताना मुलगा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "साहेब, पप्पांना कळू देऊ नका. त्यांना वाटतं मी अजून चित्रं गोळा करतो."

दुपारच्या आत खबर आली. एसटी स्टँडजवळ उसाचा रस विकणारा एकजण आमच्या उपयोगी पडत असे. त्याने फोनवर सांगितले, "साहेब, तो गॅरेजवाला सकाळी स्टँडवर उभा व्हता. खिसामा शर्यतनी गाडीसना कार्डे. ड्रायव्हर लोकेसले दखाडी ऱ्हायना व्हता."

खबर पक्की होती. मी मेकॅनिकला बोलावले. तो ग्रीसच्या हातांनीच आला, आणि सकाळी स्टँडवर काय दाखवत होतास, असे विचारताच त्याने खिशातून कार्डे काढून टेबलावर मांडली.

"ही माझी आहेत, साहेब. डबल आलेली. ड्रायव्हर लोकांना दाखवत होतो. आता त्यांच्यातच बसायचंय ना."

"तुझ्या मित्राची आठ कार्डं गेली."

त्याचा चेहरा पडला. आपल्यावर आळ आहे हे त्याला तेव्हा कळलेही नव्हते. कार्डे गेली याचेच त्याला वाईट वाटले. "कोणती गेली?"

मी यादी वाचली. निवडलेली आठ, आणि त्यांच्याबरोबर न निवडलेली दोन. तो मधेच थांबवून म्हणाला, "परत वाचा, साहेब." मी परत वाचले. तो हसायला लागला.

"हसायला काय झालं?"

"साहेब, सहीचं कार्ड राहिलं? सगळ्यांत भारी ते! आणि जे गेलं त्यात एक चहाचा डाग पडलेलं, एक कोपऱ्यात दुमडलेलं? हे कोण नेणार? माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या, पण इतका अडाणी चोर मला ठरवू नका."

असा बचाव चलाख चोरही करू शकतो, हे मी तेवीस वर्षांत शिकलो होतो. त्याला बाकावर बसवून मी व्यापाऱ्याच्या घरी गेलो. कपाटाचे कुलूप शाबूत होते. किल्ली खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत प्लास्टिकच्या पाकिटांतली कार्डे उभ्या गठ्ठ्यात.

"निवडलेली कुठे ठेवली होतीस?" मी मुलाला विचारले.

"मधोमध. वर आणि खाली साधी. डबा पडला तरी मार साध्यांना लागावा म्हणून."

मी उरलेली कार्डे त्याला होती तशी लावायला सांगितले. गठ्ठ्याच्या वरचा भाग जसाच्या तसा. त्याखाली निवडलेली चार, त्यात सहीचे. मग पोकळी. मग पुन्हा साधी. कोणी एकेक पाहून वेचले नव्हते. मधेच हात घालून एक मूठ उचलली होती.

हे मेकॅनिकच्या बाजूचे होते, पण मूठ कोणाची हे कळत नव्हते. परत येताना जीप बाजार समितीच्या आवारात अडकली. समोर ट्रॅक्टर आडवा. मी वैतागून बाहेर पाहत होतो. एका गाळ्यासमोर परगावचा खरेदीदार पोत्याच्या वरच्या मिरच्या हाताळत होता. व्यापाऱ्याने त्याचा हात बाजूला केला, बाही सारली, कोपरापर्यंत हात पोत्यात खुपसला आणि पोटातून मूठभर मिरच्या काढून त्याच्या ओंजळीत टाकल्या. ही वानगी. मालाचा नमुना. इमानी व्यापारी ती कधी वरून देत नाही.

मी ड्रायव्हरला म्हणालो, "गाडी इथेच राहू दे."

मुलाचे वडील आपल्या पेढीवर पांढऱ्या बैठकीवर बसले होते. मी इकडचे तिकडचे बोललो, चहा घेतला आणि सहज विचारले, "शेठ, मुलाच्या डब्यातून काही काढलं का तुम्ही?"

"हां," शेठ शांतपणे म्हणाले. "वानगी धाडी सुरतले."

"वानगी?"

"मंग! पोऱ्या आठ दिनफाईन बायकोले सांगी ऱ्हायना, माल तपासाले धाडना शे, मंग भाव भेटस. आख्खा माल कोणी धाडस का, साहेब? पहिले वानगी. मन्हा दलाल सकायनी गाडीवर सुरतले जाई ऱ्हायना व्हता. त्यानी वळखना एक जुन्या नाणासना दुकानदार शे. त्याले दखाडाले दिधात."

"मुलाला सांगितलं नाही?"

"भाव येवाआधी काय सांगानं?"

"आणि मधूनच का काढलीत?"

शेठनी माझ्याकडे असे पाहिले, की मला खाली बघावेसे वाटले. "वरथून दखाडाना धंदा मन्हा बापनी शिकाडा नही."

मुलगा वडिलांपासून छंद लपवत होता आणि वडील मुलाला न सांगता त्याच छंदाला भाव काढून देत होते. मी तिथल्या तिथे दलालाला फोन लावायला सांगितले. दलाल सुरतेत जेवत होता. कार्डे कुठे आहेत?

"पिशवीमा शेतस. मिरचीनी वानगीसंगे."

तिखट आणि कार्डे एकाच पिशवीत! आता चोरी मिटवून नुकसानीची तक्रार घ्यायची वेळ येणार, असे दिसू लागले. दुकानदाराकडे जाऊ नका, काही उघडू नका, पहिल्या गाडीने परत या, असे मी दलालाला बजावले. शेठना सोबत घेऊन ठाण्यात आलो.

बाकावर मेकॅनिक, शेजारी चौकशीचे विचारायला आलेला मुलगा, समोर मामा. मी वानगीची हकीकत सांगितली. शेठनी मेकॅनिकला पाहिले. "तू आठे काय करी ऱ्हायना?"

"तुमनी वानगी मीच चोरी अशी खबर शे, काका."

शेठ मामांकडे वळले. मेहुण्याला ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण ठाणे अंमलदारांनी तोंडावर फाईल धरली होती. मामांनी स्वतः उठून मेकॅनिकसाठी चहा आणला. हंगाम संपेपर्यंत तो चहा बाजाराच्या आवारात गाजला.

संध्याकाळच्या गाडीने दलाल आला. पाकिटांवर तिखटाची तांबडी पूड होती. मुलाने रुमालाने पुसत एकेक कार्ड उजेडात तिरपे धरले. प्लास्टिकने काम केले होते. एकाही कोपऱ्याला धक्का नव्हता. मेकॅनिक जोरात शिंकला आणि सगळे हसले.

अर्ज निकाली काढला. पण माझी आकड्यांची खोड जाईना. घरी मी धुण्याची पावडर घेतानाही दोन दुकाने फिरतो, असे आमच्या सौ. म्हणतात. पुढच्या रविवारी मी साध्या कपड्यांत शेठच्या घरी गेलो. कार्डे सतरंजीवर मांडली.

"ही बारा कशावरून निवडली?"

"आवडली म्हणून," मुलगा म्हणाला.

"तसं चालणार नाही. तपासणीची फी, जाण्यायेण्याचा खर्च, विमा, कार्डं परदेशी पोहोचवणाऱ्या मुंबईच्या मध्यस्थाचं कमिशन. हे एका कार्डावर किती पडतं ते काढा. मग प्रत्येक कार्डाला तुम्हाला वाटतात त्यापेक्षा एक गुण कमी धरा. तरी खर्च निघतो का? निघत असेल तर पाठवा."

मेकॅनिक भिंगातून कडा पाहत होता. शेठ पट्टीने छपाईचे समास मोजत होते. माणूस भलताच रंगला होता. एका नव्या चालकाच्या पहिल्या मोसमाचे कार्ड टिकले. सहीचे टिकले. छान दिसणारी गाडी, पण कोणत्याही पाकिटात सापडणारे कार्ड, म्हणून सहा गळाली. एकावर तिरप्या उजेडात केसाएवढी रेघ दिसली, तेही गेले. बाराची पाच झाली.

मग मेकॅनिकने एक जुने कार्ड पुढे सरकवले. कोपरे झिजलेले. शाळेत दोघांना तेच हवे होते म्हणून मारामारी झाली, मग एकेक आठवडा एकाकडे असे ठरले, आणि तेव्हापासून दोस्ती. "हे?"

"आकड्यात बसत नाही," मी म्हणालो.

दोघांची तोंडे उतरली. शेठ माझ्याकडे पाहत राहिले. मी पेन बंद केले. "पण पाठवा."

पडताळणीचा अहवाल दुसऱ्याच दिवशी माझ्या सहीने गेला. प्रतिकूल नोंद: निरंक.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. काय गेले याच्या यादीवर आम्ही फार वेळ घालवतो; ते कुठून आणि कसे उचलले गेले, हे आधी पाहावे. हाताला आयुष्यभराची वळणे असतात आणि ती लपत नाहीत. त्यानंतर कोणी माझ्यासमोर घाईने नाव सांगितले की मी विचारायचो, त्या माणसाचा हात असा चालतो का?

कार्डे काही महिन्यांनी परत आली. तोवर मेकॅनिक एसटीवर रुजू झाला होता. एका दुपारी स्टँडवर मी तळोद्याच्या गाडीची वाट पाहत होतो, तर चालकाच्या खिडकीतून हाक आली.

"साहेब! सहीना कार्डले नऊ भेटनात!"

"आणि ते जुनं?"

"चार!" तो अभिमानाने म्हणाला. "सीलबंद शे. एक आठवडा त्याकडे, एक आठवडा मन्हाकडे." मग स्टिअरिंगवर हात टेकून त्याने विचारले, "आते मले सांगा, मले कितला गुण देशात?"

मी त्याचा इस्त्रीचा खाकी शर्ट पाहिला, छातीवरचा बिल्ला पाहिला, आरशाला लटकवलेले त्याचे एक डबल कार्ड पाहिले.

"कोपरे शाबूत," मी म्हणालो. "गाडी काढ, उशीर होतोय."