मागच्या सीटवरचा हात

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. या सदरातले अनुभव वाचून मीच माझ्या लेकीला, केतकीला, म्हणायचे, "घे, अजून एकीला पिंपळाखाली बाई दिसली!" मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पार्टला मापाचा गेज लावायचा... बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. अधलंमधलं काही नसतं. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण गप्प बसेन.

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. रोज सकाळी स्कूटर काढायची आणि अंबडमधून लिंक रोडने सातपूर गाठायचं. आमचे हे एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात होते. रिटायर झाले, गुडघ्यांनी दगा दिला, गाडी पेलवेना, म्हणून माझ्या मागे बसायला लागले. सातपूरला त्यांच्या मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे त्यांचा दिवस मजेत जायचा. सकाळी दोघं सोबत निघायचो, संध्याकाळी सोबत परत.

आता माझी एक खोड. मला इंडिकेटर लावायचं सुचतच नाही. शपथेवर सांगते, त्या बटणाकडे माझा अंगठा जायचाच नाही. मग हे मागून हात काढायचे. आपल्याकडे मागे बसलेल्या माणसाचं ते कामच असतं म्हणा. पण बाकीचे लोक माशी हाकलल्यासारखा हात करतात. यांचा हात पूर्ण लांब, सरळ, वळण संपेपर्यंत. मागून कोणी सुसाट आलं की तळवा खाली करून हात सावकाश वरखाली करायचे. म्हणजे हळू या. जुन्या ड्रायव्हर लोकांचा इशारा तो, आता रस्त्यावर कोणी करत नाही.

"अगं, इंडिकेटर कशाला दिलाय कंपनीने?" ते रोज विचारायचे.

"तुम्ही आहात की!" मी रोज म्हणायचे.

दोन वर्षं होतील आता त्यांना जाऊन. घरातच गेले, चहा घेताना, हार्ट अटॅकने. त्यानंतर गाडी इतकी हलकी लागायची की पहिले काही दिवस मला तोल सांभाळता येईना. मागच्या सीटवर माझी पर्स ठेवायची पण हिंमत होत नव्हती, पायाशी ठेवायचे.

पहिल्यांदा झालं ते असं. लिंक रोडवरून आमच्या कंपनीच्या गल्लीत उजवीकडे वळले, तर मागचा भाजीचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

"काय मावशी, इंडिकेटर लावत नाय तुम्ही. त्या बाबांनी हात दाखवला म्हणून बरं, नायतर ठोकलीच होती तुम्हाला."

"कोणत्या बाबांनी?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग गाडीच्या मागे बघितलं, आणि टेम्पो दामटत निघून गेला. मी म्हटलं, सकाळी सकाळीच घेऊन बसला असेल मेला. विषय संपला.

पण मग पपया नर्सरीच्या सिग्नलला हेल्मेटची तपासणी लागली होती तो दिवस आला. एका ट्रॅफिकवाल्या पोरीने मला हात केला. केतकीच्याच वयाची असेल.

"मॅडम, गाडी बाजूला घ्या. तुम्ही घातलंय, मागच्यांचं हेल्मेट कुठंय?"

"कोण मागचे? मी एकटी आहे."

"अहो, आत्ता तर होते. उतरले का?" तिने इकडेतिकडे बघितलं. "आजोबा होते ना... पांढरा हाफ शर्ट. मागच्या रिक्षाला असा असा हात करत होते."

आणि तिने तो करून दाखवला. तळवा खाली, सावकाश वरखाली. करंगळी बाकीच्या बोटांपासून लांब. यांची करंगळी नोकरीत असताना मोडली होती आणि वाकडीच जुळली. हात सरळ केला की ती अशीच लांब राहायची.

 मला भीती नाही वाटली हो. मी त्या पोरीचा हातच धरला. "कसे दिसत होते? बारीक झालेत का? चेहरा कसा होता?"

ती बिचारी घाबरली. "तोंड मागे होतं मॅडम, नीट नाही दिसलं. तुम्ही पाणी पिता का?" मी भर सिग्नलला, डोक्यावर हेल्मेट, आणि हमसून हमसून रडले. तिने मला तसंच सोडलं.

त्यानंतर मी काय केलं ते ऐकून तुम्ही शिव्या द्याल. द्या. आधी इंडिकेटर सुचायचा नाही, आता मी तो मुद्दाम लावेना. गर्दी बघून वळायला लागले. एक आरसा मागची सीट दिसेल असा फिरवला. वळताना मी रस्ता बघायचं सोडून आरशात बघायचे. रिकामी सीट दिसायची, बस्स. थांबल्यावर सीटला हात लावून बघायचे, तर ती गरमच असायची. पण नाशिकच्या उन्हात कोणती सीट गरम नसते? गेज बसत नव्हता कुठेच.

मत्सर वाटायचा हो मला. खोटं कशाला बोलू? त्या टेम्पोवाल्याला दिसले, त्या पोरीला दिसले, एकदा दुधाच्या गाडीवाल्याने माझ्या मागच्या सीटकडे हात करून "काका, या आरामात" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, डोळ्यांनी बघितलं. सगळ्या रस्त्याला माझा माणूस दिसतो, आणि ज्या बाईने त्याच्याबरोबर संसार केला तिला नाही! हा कुठला न्याय?

केतकीला मी सगळं सांगितलं. ती माझ्यावर हसेल असं वाटलं होतं. तिने आधी आरसा सरळ केला. मग म्हणाली, "आई, बाबा दिसावेत असं मला वाटत नाही का? पण तुला काही झालं तर मी कोणाच्या गाडीवर बसू?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तरी मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गल्ली आली, मागे सिटी बस आहे हे मला दिसत होतं, मी तशीच उजवीकडे गाडी घातली. ब्रेकचा असा आवाज आला की चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. बस माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली होती. ड्रायव्हर खाली उतरला, लालबुंद झालेला.

"ओ बाई! मरायचंय का? ते म्हातारे गृहस्थ बिचारे दोन्ही हातांनी थांबा थांबा करतायत, पार उभे राहिले गाडीवर, पडले असते ना! घामाघूम झालेत! जरा दया करा त्यांच्यावर!"

एवढं बोलून त्याने नीट बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. मी मात्र त्याचं एकच वाक्य घेऊन तिथेच उभी राहिले. घामाघूम झालेत. ज्यांचे गुडघे दुखायचे, त्यांना मी गाडीवर उभं केलं होतं. केवळ मला बघायचंय म्हणून.

त्या संध्याकाळी परत येताना मी पहिल्यांदा नीट इंडिकेटर लावला. पुढच्या प्रत्येक वळणाला लावला. त्या दिवसापासून मला कोणी थांबवलेलं नाही, कोणी काका-बाबा म्हटलेलं नाही. लिंक रोडवरून इतकी माणसं माझ्या मागून येतात, सगळी मुकाट्याने निघून जातात.

हे काय होतं, मला आजही माहीत नाही. केतकीची मैत्रीण मानसशास्त्र शिकलीय, ती म्हणते हा दुःखाचा परिणाम. असेल. पण दुःख मला झालं होतं, बस ड्रायव्हरला नाही. ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांनी ते खुशाल ठेवावं. मी भूत बघितलं नाही. माझी तक्रारच ती आहे.

मी इंडिकेटर लावतेच, काळजी करू नका. पण सकाळी लिंक रोडला कोणी असाल, पुढे राखाडी स्कूटरवर हेल्मेट घातलेली एक बाई दिसली आणि तिच्या मागे पांढऱ्या हाफ शर्टातलं कोणी निवांत बसलेलं दिसलं, हात मांडीवर ठेवून... तर एकदा हॉर्न वाजवा. मी गाडी बाजूला घेईन. मला फक्त त्यांचा चेहरा कसा होता तेवढं सांगा.